मिठागरवाले भावे

ठाण्यात दात्यांची नावं शोधायला फार लांब जावं लागत नाही. टेंभी नाक्यावर पटेल अग्यारी आहे, १७८० सालची. ती बांधणारे कावसजी रुस्तमजी पटेल हेच मुंबईच्या सी. पी. टँकमधले ‘सी. पी.’, पण हे तिथे राहणाऱ्यांनाही सांगावं लागतं. बी. जे. हायस्कूल म्हणजे बैरामजी जीजीभाई. सिव्हिल हॉस्पिटलला विठ्ठल सायन्ना यांचं नाव आहे. आता ती जुनी इमारत पाडून तिथे नवं मोठं रुग्णालय उभं राहतंय. रिक्षावाल्याला ‘विठ्ठल सायन्ना’ सांगून बघा, तो आरशातून आपल्याकडे बघेल. ‘सिव्हिल’ म्हटलं की मीटर पडतो. १९०१ सालच्या मनोरुग्णालयाला एकेकाळी नरोत्तम माधवदास यांचं नाव होतं. गावाने त्याचं काय केलं ते लिहायला नको. ‘जाऊन ये एकदा ठाण्याला’ ही थट्टा अख्ख्या महाराष्ट्राने केली, आणि आम्ही ठाणेकरांनी ती हसत सोसली.

या सगळ्यांनी पैसा दिला, त्यातून इमारती झाल्या, लोकांची सोय झाली. त्याबद्दल मला काडीचंही वावगं बोलायचं नाही. पण गावातल्या दानशूरांची यादी करायला बसलो की एक नाव कुणी घेत नाही. घेतलंच तर साहित्याच्या रकान्यात, अभ्यासक म्हणून. विनायक लक्ष्मण भावे. मिठाचे व्यापारी. माझ्या मते या गावाला त्यांच्याएवढं देणारा दुसरा माणूस मिळणं कठीण.

जन्म ६ नोव्हेंबर १८७१, गाव पळस्पे. पळस्पे म्हटलं की आता फक्त फाटा आठवतो. गोव्याकडे निघालेल्या गाड्यांची रांग, गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी तासन्‌तास अडकलेली माणसं आणि काचेशी येऊन शेंगा विकणारी पोरं. नव्या मुंबईची हद्द आता तिथवर येऊन टेकली आहे. भाव्यांच्या जन्माच्या वेळी पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यातच मोडत असे, कुलाब्यात तो गेला नंतर. तेव्हा भावे जन्मानेही ठाण्याचेच, असं मी हट्टाने म्हणतो. बी.एस्सी. झालेला हा माणूस. म्हणजे त्या काळात सरकारी नोकरी चालून आली असती, आणि पुढचं सगळं आयुष्य बदल्या आणि बढत्या मोजण्यात गेलं असतं. त्यांनी मिठाचा धंदा पाहिला.

आणि १ जून १८९३ रोजी, मित्रांच्या सोबतीने, ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं. वय वर्षं एकवीस.

इथे जरा थांबतो, कारण या गोष्टीचं महत्त्व नुसत्या सनावळीत कळत नाही. वाचनालयं तेव्हाही होती. गावोगावच्या ‘नेटिव्ह जनरल लायब्रऱ्या’ होत्या, तिथे वकील, मामलेदार, मास्तर मंडळी वर्तमानपत्रं वाचायला जात आणि कपाटात इंग्रजी पुस्तकं असत. ठाण्याच्या या पोरांचा बेत निराळा होता. मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक एका जागी आणायचं. चांगलं आणि वाईट अशी निवड करायची नाही, जे मराठीत आहे ते सगळं घ्यायचं. आज हे ऐकून हसू येईल, आज एका दिवाळीतले अंक ठेवायला जागा पुरत नाही. पण १८९३ साली तो वेडेपणा नव्हता. विल्यम कॅरे या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरला निघालं १८०५ मध्ये. म्हणजे मराठी छपाईला पुरती शंभर वर्षंही झाली नव्हती. ते सगळं एका छपराखाली मावू शकेल असा तो शेवटचा काळ होता. आणखी वीस वर्षांनी हे कुणाच्या डोक्यात आलं असतं तर ते अशक्य झालं असतं. मुंबईकरांनी त्याच नावाची आपली संस्था काढली १८९८ मध्ये, ठाण्यानंतर पाच वर्षांनी. हे मी मुंबईच्या मित्रांना वेळोवेळी ऐकवतो. त्यांना ते आवडत नाही.

आता मिठाविषयी. मिठागर जवळून पाहिलेली माणसं ठाण्यात कमी होत चालली आहेत. मुलुंड-भांडुप-कांजूरच्या मिठागरांच्या जमिनी बातम्यांत येतात त्या घरांच्या योजनांपायी. पूर्वी लोकलच्या खिडकीतून त्या पांढऱ्या राशी दिसत. उधाणाच्या भरतीचं पाणी बांधाच्या दारातून आत घ्यायचं, उथळ वाफ्यांमधून फिरवत फिरवत उन्हात आटवायचं, शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं की लांब दांड्याच्या फळीने ओढून बांधावर रास करायची. पाऊस सरला की सुरू होणारं काम पुढच्या पावसाआधी संपवायचं. वळवाची एक सर अवेळी आली की केलेलं सगळं पाण्यात, इथे अक्षरशः. हे काम करायची आगरी माणसं. अनवाणी पायांना खारटाने पडलेल्या भेगा भरून येत नसत, हे मी माझ्या लहानपणी चेंदणीतल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं आहे. मिठागरवाल्यांच्या दानधर्माविषयी लिहिताना त्या पायांचाही उल्लेख व्हायला हवा. मालकाचं नाव इतिहासात राहतं, आगर ओढणाऱ्याचं हजेरीच्या कागदावरसुद्धा धड राहत नाही.

वर सरकारचा कर. १८८८ पासून मणामागे अडीच रुपये. तो १९०३ मध्ये दोनावर आला. आणि त्याच १९०३ मध्ये भाव्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ नावाचं मासिक काढलं, जुन्या कवींचं अप्रकाशित काव्य छापण्यासाठी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण व्यापारी माणसाच्या वहीत या दोन नोंदी शेजारी शेजारी पडल्या असतील, या कल्पनेने मला मजा वाटते.

जुन्या काव्याचं मासिक कोण विकत घेणार? तेव्हाही नाही, आताही नाही. अशी मासिकं वर्गणीदारांवर चालत नाहीत, चालवणाऱ्याच्या खिशावर चालतात आणि खिसा किंवा जीव थकला की बंद पडतात. हेही थोडी वर्षं चाललं. पण तेवढ्या वर्षांत जे छापून झालं ते झालं. पोथी एकच असते. ती जळली, भिजली, कसर लागून चाळणी झाली की तो कवी गेला. छापलेल्या पाचशे प्रतींतल्या चारशे नव्व्याण्णव गेल्या तरी कवी उरतो.

पोथी हातात घेतलेली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या आजोळी एक होती, रामायणातल्या कुठल्याशा कांडाची. आडवी लांब सुटी पानं, शिवण नाही. वर आणि खाली लाकडाच्या दोन फळ्या, आणि सगळं मिळून तांबड्या कापडात गुंडाळलेलं, त्यावर सुताची दोरी. कागद जाड, हाताचा, अजून बोटाला मऊ लागणारा. शाई काळीभोर, दिव्याच्या काजळीची, इतक्या वर्षांत जराही न विटलेली. लिहिताना चूक झाली तिथे पिवळा ठिपका, कारण तेव्हा खोडायचं म्हणजे हरताळ लावायचा आणि त्यावर पुन्हा लिहायचं. कडेला कुणाच्या तरी अंगठ्याचा तेलकट डाग, पारायणाच्या वेळचा. आजी ती पोथी देवघरात ठेवी आणि दसऱ्याला तिला हळदकुंकू वाही. कुणी वाचायला मागितली असती तर दिली नसती. मागितलीच नाही कुणी, हा भाग वेगळा.

अशा पोथ्यांच्या शेवटी लेखकू काही ठरावीक श्लोक लिहून जात. एक असा: पाठ, कंबर, मान मोडून, नजर खिळवून, खाली मान घालून कष्टाने लिहिलं आहे, जिवापाड सांभाळा. दुसरा त्याहून प्रसिद्ध, पुस्तकच आपल्या तोंडाने बोलतं: तेलापासून वाचवा, पाण्यापासून वाचवा, सैल बांधणीपासून वाचवा, आणि मूर्खाच्या हाती मला देऊ नका. आपल्याकडच्या पोथ्या ज्या घरांत राहिल्या त्यांनी हे शेवटचं कलम इमानाने पाळलं. मूर्ख कोण ते ठरवण्याचा अधिकार अर्थातच पोथी ज्याच्याकडे त्याचा. त्यात सगळ्या बायका आल्या, बहुतेक जाती आल्या, वेगळ्या पंथाचे आले, आणि भाऊबंदकीत भांडण झालं असेल तर सख्खा चुलतभाऊही आला. पानं कुरकुरीत झाली की नदीत सोडून द्यायची, पण हाताबाहेर जाऊ द्यायची नाही.

सार्वजनिक ग्रंथालय हे त्या कलमाच्या बरोबर विरुद्ध आहे. वर्गणी भर आणि घेऊन जा, शहाणा आहेस की मूर्ख ते आम्ही विचारत नाही. भाव्यांनी ग्रंथसंग्रहालय आणि मासिक अशी दोन्ही कामं हातात घेतली, त्यांतून मला दिसतं ते हेच. बंद फडक्यातलं बाहेर काढायचं आणि कुणाच्याही हातात पडू द्यायचं. पैसा देणारे आपल्याकडचं देतात. भाव्यांनी दुसऱ्यांनी दडवलेलं मिळवून दिलं. त्याला पैसा लागतोच, शिवाय चिकाटी लागते, गोड बोलणं लागतं, चार ठिकाणी अपमान गिळावा लागतो.

महानुभावांच्या बाबतीत हे सगळ्यात जास्त खरं. या पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांमध्ये लिहिलेले असत. अक्षरं आपलीच वाटतात, पण वाचता येत नाहीत. काहीशे वर्षं हे वाङ्मय मठांमध्ये सुरक्षित होतं आणि बाहेरच्या मराठी माणसाला त्याचा पत्ता नव्हता. मराठीतला अगदी जुना, घडीव गद्यग्रंथ त्यातच होता, आणि आम्ही मात्र मराठी गद्य इंग्रजांच्या शाळांत जन्मलं असं समजून चाललो होतो. हे वाङ्मय उजेडात आणण्यात दोन नावं प्रामुख्याने घेतली जातात, इतिहासकार वि. का. राजवाडे आणि भावे. राजवाड्यांच्या स्वभावाविषयी काही न बोललेलं बरं. भाव्यांनी महंतांशी स्नेह जोडला. शतकानुशतकं बाहेरच्यांची टवाळी सोसलेल्या पंथाने आपल्या पोथ्या एका परक्या माणसाला दाखवल्या, यात त्या माणसाविषयी जे कळायचं ते कळतं. १९२४ मध्ये त्यांनी महानुभाव कवींची आणि त्यांच्या काव्यांची सूची छापली. दोन वर्षांनी, १२ सप्टेंबर १९२६ रोजी, ते गेले. पंचावन्न वर्षंही पुरी झाली नव्हती.

त्यांचं नाव राहिलं ते ‘महाराष्ट्र सारस्वत’मुळे. आधी १८९८ च्या सुमाराला कोल्हापूरच्या ‘ग्रंथमाला’ मासिकातून निबंध म्हणून आलेलं लेखन, मग वाढत वाढत १९१९ ला जाडजूड ग्रंथ. प्राचीन मराठी वाङ्मयाचा पहिला मोठा इतिहास तो हाच. एम.ए.ला आम्हाला संदर्भ म्हणून सांगितला होता आणि आम्ही तो संदर्भासारखाच वापरला, म्हणजे उघडला नाही. पुढे उघडला तेव्हा कळलं की हे पुस्तक प्राध्यापकाने लिहिलेलं नाही. भावे कवींवर खूश होतात, चिडतात, एखाद्याला दोन वाक्यांत उडवून लावतात, आणि आवडता कवी आला की पानंच्या पानं सोडत नाहीत. त्यात कालनिर्णयाच्या चुका आहेत, एकाचं दुसऱ्याच्या नावावर गेलेलं आहे. नंतरच्या अभ्यासकांनी ते दाखवून दिलं, आणि शं. गो. तुळपुळ्यांना त्याला भलीमोठी पुरवणी जोडावी लागली. चांगलं झालं. चुका दाखवायला आधी कुणीतरी सगळं एका जागी मांडावं लागतं. पण मला विचाराल तर त्यांची खरी कमाई हा ग्रंथ नव्हे. तो त्यांचा स्वतःचा आनंद होता. गावाला दिलं ते ग्रंथसंग्रहालय.

इमारतीसाठी दिलेलं दान एकदा देऊन संपतं. ग्रंथालय रोज मागतं. विशेषतः ठाण्यासारख्या खाडीच्या गावात. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हवेत इतकं पाणी असतं की पुस्तकाची पानं फुगतात, पुठ्ठ्यावर बुरशी चढते, आणि मग कसर. त्यात एक विचित्र गोष्ट. जुन्या पोथीचा हातकागद, जुन्नरचा किंवा दौलताबादेकडचा, दोनशे वर्षांनीही वळतो. पण १८८० ते १९३० च्या दरम्यान छापलेली पुष्कळ पुस्तकं अशा कागदावर आहेत की पान उलटावं आणि कोपरा हातात यावा. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदातलं आम्लच त्याला आतून खातं. म्हणजे ज्या छपाईवर भरवसा ठेवून भाव्यांनी पोथ्या छापल्या, ती छपाई पोथ्यांच्या आधी जाते आहे. आता त्यावर स्कॅनिंग हा उपाय आहे, आणि ठिकठिकाणी ते चालूही आहे. पण स्कॅनिंगचे फोल्डर सांभाळायलाही कुणीतरी लागतंच.

आणि माणसं. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने राज्यातल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळतं. ते किती पुरतं हे कुठल्याही ग्रंथालयाच्या काउंटरवरच्या बाईंना विचारा, आणि विचारताना त्यांच्या पगाराचा आकडा विचारू नका, तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. माझ्या ओळखीच्या एका ग्रंथपाल ताई आहेत. तिशीत लागल्या, आता निवृत्तीला आल्या. फाटलेल्या पानाला पातळ कागद लावताना त्यांची बोटं बघावीत. खळ इतकी कमी घेतात की बोट ओलं दिसत नाही, मग कागद वरून खाली एकाच दिशेने फिरवतात, आणि दाबायला पुस्तकावर शब्दकोश ठेवतात. “शब्दकोश आता यालाच कामाला येतो हो,” म्हणतात.

यांच्याकडेच मी आमच्या इमारतीतल्या काकांना घेऊन गेलो होतो. नौपाड्यात राहणाऱ्यांना सांगायला नको, गल्लीआड एक इमारत पुनर्विकासाला गेलेली आहे. तळमजला अधिक तीनच्या जागी बावीस मजले, आणि तोवर तीन वर्षं भाड्याने कुठेतरी. आमचीही निघाली. काकांच्या वडिलांची पुस्तकं, दोन गोदरेजची कपाटं आणि माळा भरून. भाड्याच्या वन-बीएचकेत ती मावणार नाहीत, आणि सूनबाई म्हणतात, नवीन घरात धूळ नको. त्यांचंही चूक नाही, दमा त्यांच्या मुलाला आहे. काकांनी आधी दोन ग्रंथालयांत फोन केला. एकाने नम्रपणे नाही म्हटलं, दुसऱ्याने नम्रपणा वगळला. काका दुखावले. “फुकट देतोय मी! वडिलांच्या नावाचं कपाटसुद्धा देतो म्हटलं.”

ताईंनी त्यांना चहा दिला आणि खरं सांगितलं. “काका, रोज दोन माणसं येतात तुमच्यासारखी. सगळ्यांकडे तीच पुस्तकं असतात. त्याच चार कादंबऱ्या, तीच आत्मचरित्रं, तोच ज्ञानेश्वरीचा गुटका. माझ्याकडे त्यांच्या सहा-सहा प्रती आहेत. कपाट घेतलं तर ठेवू कुठे? कपाटाबरोबर भिंत देता का?”

काका गप्प. मग ताईंनी काय चालेल ते सांगितलं. पन्नास सालच्या आधीचं काहीही, कितीही फाटकं असो. बंद पडलेल्या मासिकांचे अंक, सुटे असले तरी. ठाण्यातल्या संस्थांचे अहवाल, स्मरणिका, नाटकांची हस्तपत्रकं, गणेशोत्सव मंडळांच्या पत्रिका. कुणी स्वतःच्या पैशाने छापलेलं आत्मवृत्त किंवा कुलवृत्तांत. “जे तुम्ही रद्दीत घालणार होतात ते मला दाखवा, आणि जे सोनेरी अक्षरांच्या बांधणीचं आहे ते तुम्ही ठेवा.”

भाव्यांच्या गावात ग्रंथपालाला पुस्तकं नाकारावी लागतात, याचं मला आधी वाईट वाटलं. नंतर वाटेत विचार केला तेव्हा तसं राहिलं नाही. सगळं जमवायचं हे तेव्हाचं काम होतं, कारण तेव्हा कमी होतं आणि विखुरलेलं होतं. आता पुष्कळ आहे, त्यात जे हरवणार आहे ते ओळखायचं. डोळा तोच लागतो. ताईंच्या यादीतली एकही वस्तू बाजारात दहा रुपयांना कुणी घेणार नाही.

मग पुढचे काही रविवार आम्ही काकांच्या माळ्यावर. काका वर शिडीवर, मी खाली धरून, आणि काकू स्वयंपाकघरातून, “धूळ तिकडेच झटका, इकडे पोळ्या चालल्यात.” बरंचसं ताईंनी सांगितलं तसंच निघालं, तेच ते. ते परिसरातल्या एका शाळेने आनंदाने नेलं. पण तळाच्या पत्र्याच्या पेटीत काकांच्या वडिलांनी जपलेले कागद सापडले. चाळीसच्या दशकातल्या ठाण्यातल्या एका व्यायामशाळेचे वार्षिक हिशेब, जमा-खर्च शाईने लिहिलेला. ‘तेल, आखाड्यास’, ‘हनुमान जयंती, फुटाणे व गूळ’, ‘दोरखंड’. आणि एक जाड पुस्तक, पहिली आठ-दहा पानं गेलेली, नाव नाही, लेखक नाही, मजकूर वनौषधींचा.

काका म्हणाले, नावच नाही तर कोण घेणार. मी म्हटलं, शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’त १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तकं विषयवार आहेत, वैद्यकाच्या रकान्यात पानांच्या संख्येवरून लागेल कदाचित. शेवटचं पान शाबूत आहे, त्यावर आकडा आहे. काकांना हे शंकर गणेश दाते कोण ते सांगावं लागलं, आणि सूचीच्या आकड्यांमधून पुस्तक कसं हुडकायचं हेही. म्हातारबुवांचे डोळे चमकले. पेन्शनीत लागल्यापासून ते शब्दकोड्यांवर दिवस काढतायत. हे त्यांना शब्दकोड्याहून बरं वाटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी माझी बेल वाजवली, हातात पट्टी. “पानाची लांबी-रुंदीही देतात का रे सूचीत? मी मोजून ठेवलीय.”

येत्या शनिवारी पेटी घेऊन ताईंकडे जायचं ठरलंय. हिशेबाच्या वह्या त्या घेणारच आहेत, फोनवर ऐकूनच म्हणाल्या. वनौषधीवाल्याचा तपास काका तिथेच बसून करणार आहेत. रिक्षाचं भाडं मी द्यायचं, येताना मामलेदारची मिसळ त्यांनी.